शून्यानंतरचं टिंब

नितीनचा फोन आला तेव्हा मी दादरला पालेभाजी निवडत होते. नितीन हा माझ्या मैत्रिणीचा, दर्शनाचा, धाकटा भाऊ. तो कधी फोन करत नाही, मेसेज टाकतो. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव बघितल्याबरोबर मी लगेच फोन उचलला. "मीनलताई, ताई गेली..." एवढंच तो बोलला. मागे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कसं, असं काहीतरी. माझ्या तोंडून निघालं, "सगळं नीट दिलं होतं ना रे त्यांनी? औषध, ते मशीनवरचं?" नितीन मग म्हणाला, "हो ताई. ती स्वतःच विचारत होती ना प्रत्येकाला... डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं." भाजीवाली माझ्याकडे बघत होती. मी जुडी खाली ठेवली आणि टॅक्सी शोधायला लागले. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, की नितीनला विचारलेला तो प्रश्न माझा नव्हताच. तो दर्शनाचा होता. इतक्या वर्षांच्या संगतीत तो मला लागला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसते आणि उठते. दर्शना तांडेल हे नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ती माझगावच्या कोळीवाड्यातली. वडिलांची बोट होती, ते गेल्यावर ती बोट नितीनकडे आली. आई अजूनही घोडपदेवच्या बाजारात मासळी घेऊन बसतात. घरातलं कॉम्प्युटर शिकलेलं पहिलं माणूस म्हणजे दर्शना. मी गिरगावातली, खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीतली; आमच्याकडे आजोबांपासून सगळे कारकून. परळला जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत आमची छोटीशी कंपनी होती, आणि आम्ही दोघी तिथे एकाच दिवशी लागलो. इस्पितळांच्या वॉर्डांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. मी प्रोग्रॅम लिहायची, ती तो तपासायची. तपासायची म्हणजे मोडायला बघायची. मी केलेल्या पानावर वयाची चौकट असली की ती तिथे आधी उणे दोन लिहायची, मग 'साडेतीन', मग नुसती मोकळी जागा, मग स्वतःचं नाव. चौकटीनं यातलं काही निमूट घेतलं की तिच्या कपाळावर आठी यायची. चौकट लाल झाली, की मगच ती डब्यातल्या बोंबलाचा तुकडा तोंडात टाकायची.

अशा चौकटीत काय चालेल आणि काय नाही, हे कॉम्प्युटरला एका ओळीच्या चिन्हांत सांगावं लागतं. त्या ओळीला आम्ही 'रेजेक्स' म्हणायचो. सुरुवातीला आकडाच हवा, शेवटीही आकडाच हवा, मध्ये अमुक चिन्ह चालेल, असा तो नियम. दिसायला मांजरीनं कीबोर्डवरून चालत जावं तसा. बहुतेक जण तो कुठूनतरी आयता उचलतात, चालतोय म्हटल्यावर पुन्हा बघत नाहीत. दर्शना बघायची. एकेका चिन्हावर बोट ठेवून वाचायची, ओठ हलायचे. "तुला कसली एवढी भीती वाटते गं?" असं ऑफिसातलं कुणी ना कुणी तिला विचारायचंच. ती म्हणायची, "कसली ते माहीत असतं तर बरं झालं असतं."

एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला हाक मारली. ऑफिस जवळजवळ रिकामं झालं होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये औषधाच्या डोसची चौकट होती, नर्सनं तिथे किती एमएल ते लिहायचं. "मीनल, इकडे ये जरा. हे बघ," ती म्हणाली. तिनं शून्य, मग स्वल्पविराम, मग पाच असं लिहिलं आणि बटण दाबलं. चौकट हिरवी झाली.

"घेतलं हे?"

"घेतलं. आता पुढचं पान बघ."

पुढच्या पानावर, जिथे नर्सला द्यायचा डोस दिसतो, तिथे पाच होते. नुसते पाच. शून्य नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघींनी ती ओळ उघडली. आकडे, मग टिंब, मग आकडे. वाचायला बरोबर. पण या भाषेत नुसत्या टिंबाचा अर्थ टिंब नसतो, 'कुठलंही एक चिन्ह' असा असतो. खरोखरचं टिंबच हवं असेल तर त्याच्याआधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. ती रेघ दिलेली नव्हती. म्हणून स्वल्पविराम आत आला. आणि आत आल्यावर पुढच्या एका ओळीनं, मोठ्या रकमांमध्ये हजारांनंतर टाकतात तसला हा स्वल्पविराम असणार असं समजून, तो काढून टाकला. पाचाच्या आधीच्या शून्याला मग किंमत नाही, राहिले पाच. अर्ध्या एमएलचे पाच एमएल. दहापट. ती ओळ आमच्यातल्या कुणी लिहिली होती ते आता आठवत नाही, आणि त्या क्षणी आम्हाला ते सुचलंही नाही. दर्शनानं विचारलं ते एवढंच, "हे कुठे चालू आहे का?"

चालू होतं. चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका लहान मुलांच्या इस्पितळात, एकाच वॉर्डमध्ये, नुकतंच, चाचणी म्हणून.

आमचे प्रमुख सोहनी सर लग्नासाठी पुण्याला निघाले होते. तिनं त्यांना फोन लावला, माझ्या कानाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. ते गाडी चालवत होते. "दर्शना, सोमवारी बघू. तिथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, डोळे मिटून औषध देतात का ते? आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम कोण टाकणार आहे?"

"सर, कीबोर्डवर दोन्ही शेजारी शेजारी आहेत."

"सोमवारी," ते म्हणाले आणि फोन बंद झाला. मग तिनं इस्पितळात लावला. तिथून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून परत पहिल्या. शेवटी नुसतं संगीत वाजत राहिलं. तिनं पर्स उचलली. "चल," म्हणाली.

परळच्या त्या रस्त्यावर संध्याकाळी पेशंटांचे नातेवाईक फुटपाथवर चादरी टाकून बसलेले असतात. त्यांच्यामधून वाट काढत ती जवळजवळ धावत होती, मी मागे. मधूनच थांबायची, वळून बघायची. "आपलंच काही चुकत असेल तर? उगाच त्यांना घाबरवू आपण." मग चार पावलं जाऊन, "आणि खरंच कुणी टाकला असेल तर?"

"नसेल गं."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं.  एका चादरीवर एक बाई मांडीवरच्या मुलाला भरवत होती, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी तिच्याकडून नजर काढून घेतली.

वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर उंच, केस पिकलेल्या, टेबलाशी बसलेल्या. आम्ही कुठून आलो हे सांगितल्यावर म्हणाल्या, "कंपनीवाले ना? मग तो प्रिंटर का चालत नाही ते सांगा आधी." दर्शना म्हणाली, "सिस्टर, प्रिंटर नंतर. आज कुणाला पाच एमएल लिहिलंय का, तेवढं बघा... प्लीज." तिचा आवाज असा काही झाला होता की सिस्टरनी लगेच स्क्रीन उघडली. पाच एमएल बऱ्याच जणांना होतं. मोठ्या मुलांना असतंच. सिस्टर बोटानं एकेक नाव खाली घेत गेल्या. हे बरोबर, हे बरोबर, हे पण. मग बोट थांबलं. "ह्याला पाच?" त्या स्वतःशीच बोलल्या. "हे तर तान्हं आहे. ह्याला अर्धा आहे."

त्या उठल्या. धावल्या नाहीत, पण त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. आम्हाला आत जायला परवानगी नव्हती. दाराच्या काचेतून दिसत होतं ते एवढंच, की कोपऱ्यातल्या खाटेवर एक आई बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे आणि सिस्टर एका कोवळ्या नर्सशी काहीतरी बोलतायत. बाळ हलत होतं की नाही ते काचेवरच्या उजेडामुळे कळत नव्हतं. दर्शनानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. नर्सनं ट्रेमधली बारीक सिरिंज उचलून दाखवली. सिस्टरनी ती उजेडात धरली, बघितली. मग बाळाच्या आईला काहीतरी विचारलं, आणि ती हसली. सिस्टर का विचारतायत हे तिला अर्थातच माहीत नव्हतं.

सिस्टर बाहेर आल्या, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "अर्धाच दिलाय," त्या म्हणाल्या. "ही मुलगी डॉक्टरांच्या कागदावरून देते. स्क्रीन बघतच नाही..." थोडं थांबून म्हणाल्या, "कालच मी तिला त्यावरून ओरडले होते."

मला वाटलं, आता दर्शनाचा जीव भांड्यात पडेल. ती बाकावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, काही झालं नाही ना, बाळ बरं आहे." तर म्हणाली, "ओरडा खाल्लाय ना तिनं. उद्यापासून बघायला लागली असती गं ती स्क्रीन." सिस्टरनी हे ऐकलं. त्यांनी एक कागद घेतला, त्यावर जाड पेनानं 'डोस इथे बघू नये' असं लिहिलं आणि तो स्क्रीनवर चिकटवून टाकला. आम्ही ऑफिसात परत येऊन टिंबाआधीची ती तिरकी रेघ दिली. स्वल्पविराम काढणारी ओळ दर्शनानं मला पूर्ण पुसायला लावली. "कळलं नाही तर थांबायचं," ती म्हणाली. "आपल्या मनानं अर्थ लावून पुढे जायचं नाही."

सोमवारी सोहनी सरांनी तिला आत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्या एका इस्पितळाच्या कामावर आख्खी कंपनी उभी होती, आणि तिनं परस्पर जाऊन आमची चूक त्यांच्यापुढे मांडली होती. "मला विचारून जायचं होतंस," ते म्हणाले. "विचारलं होतं, सर," एवढंच ती म्हणाली. तिला इस्पितळाच्या कामावरून काढून हजेरी-रजेच्या प्रोग्रॅमवर टाकलं. तिनं काही महिने ते केलं. जेवताना मला विचारायची, "तिकडे आता कोण बघतं?" मी सांगायची, मी बघते. "टिंब?" "टिंब बघते." "आणि मोकळी जागा?" "ती पण." मग एके दिवशी तिनं राजीनामा दिला आणि लालबागला एका जिन्याखालच्या ऑफिसात, दवाखान्यांसाठी छोटे प्रोग्रॅम करणाऱ्या दोघा भावांकडे कामाला लागली. तिथे ती रमली. काळजी कमी झाली असं नाही. पण काळजी करणं हे तिथे तिचं कामच मानलं जायचं.

तिथली एक गोष्ट ती नेहमी सांगायची. तिच्या आईंचा फोन मराठीत होता. त्यांनी कुठल्याशा तपासणीसाठी नाव नोंदवायला घेतलं आणि वयाच्या चौकटीत आपलं वय मराठी आकड्यांत लिहिलं. स्क्रीनवर आलं, 'अवैध'. पुन्हा लिहिलं, पुन्हा 'अवैध'. आईंनी विचारलं, "अवैध म्हंजे काय गो?" दर्शना तंद्रीत होती, म्हणाली, "बेकायदेशीर." आई चरकल्याच. "माझं वय बेकायदेशीर? म्या काय केलंय?" हे सांगताना दर्शना हसायची, पण त्या दिवशी ती हसली नव्हती, चिडली होती. मला फोन करून म्हणाली, "माझ्या आईनं तिचं वय तिच्या आकड्यांत लिहिलं. ते अवैध कसं गं? लिहिणाऱ्याला नुसते इंग्रजी आकडे आठवले, ही त्याची अडचण." दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोघा भावांच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये दोन्हीकडचे आकडे चालतील असे नियम लिहिले. आणि 'अवैध' हा शब्द जिथे जिथे होता तिथून काढून टाकला. त्याजागी लिहिलं, 'हा आकडा कळला नाही. पुन्हा एकदा लिहाल का?' धाकटे मालक म्हणाले, मशीननं एवढं गोड कशाला बोलायचं? तर म्हणाली, "दवाखान्यात आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. आपण त्याला आणखी कशाला दटावायचं?" घाबरलेल्या माणसाविषयी ती बोलायची तेव्हा ती कुणा तिऱ्हाइताविषयी बोलत नसायची.

गेल्या वर्षी तिला जिना चढताना दम लागायला लागला. तिनं आधी ते कुणाला सांगितलं नाही. आपल्याला उगाच वाटतं असंच सगळे म्हणतील, असं तिला वाटलं. शेवटी नितीननं ओढून नेलं. हृदयाचा स्नायू कमजोर झालाय, असं निघालं. औषधं सुरू झाली, मध्ये थोडं बरं वाटलं, मग पुन्हा पायांवर सूज. आजारी माणसं शेवटी शांत होतात म्हणतात. दर्शना झाली नाही. तिला भीती वाटायची आणि ती तसं सांगायची. "मीनल, मला भीती वाटते गं," एवढंच. मी हात धरून बसायची. काही होणार नाही असं मी एकदा म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की पुन्हा म्हटलं नाही.

शेवटची भेट इस्पितळातली. खाटेशेजारी खांबावर एक पंप लावलेला होता, त्यातून थेंबाथेंबानं औषध जात होतं. पंपावर आकडा. तिचा चष्मा काढून ठेवलेला होता. "मीनल, बघ ना काय आहे." मी वाकून बघितलं. "दोन पॉइंट पाच." "पॉइंट नीट दिसतोय ना?" "दिसतोय." जरा वेळानं पुन्हा. ड्यूटीवरची नर्स तरुण होती, थकलेली होती. "ताई, तुम्ही सारखं काय विचारता? आम्ही बघतो ना!" दर्शनानं तोंड भिंतीकडे केलं. मला राहवलं नाही. नर्सच्या मागोमाग मी बाहेर गेले आणि तिला त्या शुक्रवारची सगळी हकिगत सांगितली, तान्ह्या बाळाची, कागदाची. ती ट्रे हातात घेऊन ऐकत राहिली. मग पुढच्या खोलीत गेली. पण थोड्या वेळानं औषध बदलायला आली तेव्हा तिनं आकडा लावला, खाली वाकली आणि दर्शनाच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "टू... पॉइंट... फाइव्ह. बरोबर, ताई?" दर्शनानं डोळे उघडले. "बरोबर," म्हणाली. मी निघेपर्यंत ती नर्स दरवेळी तसंच करत होती. नितीन सांगतो, की शेवटपर्यंत करत होती, आणि शेवटी शेवटी दर्शना नुसती मान हलवायची.

परवा दुपारी माझगावला गेले होते. नितीन बोटीवर गेलेला, घरी एकट्या आई होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी चहा केला, बशीत बिस्किटं दिली. दर्शनाविषयी आम्ही फार बोललो नाही. त्यांना बाजारात जायचं होतं, मी म्हटलं घोडपदेवपर्यंत मीही येते. टोपली घेऊन आम्ही दाराबाहेर पडलो, तर त्या थांबल्या. "थांब गो जरा." आत गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी गॅसचं बटण हातानं चाचपलं, मग खालचा सिलिंडरचा कॉक बघितला, मग पुन्हा बटण. बाहेर येऊन कुलूप लावलं, ओढलं. गल्लीच्या वळणापर्यंत आलो आणि त्या पुन्हा थांबल्या, मागे बघायला लागल्या.

"काय झालं, मावशी?"

"ह्ये सगलं दर्शना करायची," त्या म्हणाल्या. "घरातून निघताना ती पाठी राहायची. गॅस बघायची, कुलूप ओढायची, मंग पलत यायची. मी म्हनायची, काय येड लागलंय पोरीला... ती बघते म्हनून मी कधी बघितलंच नाय गो. आख्खा जलम बिनघोर झोपले मी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता कोन बघनार? आता मनाच बघाय लागतंय."

आम्ही दोघी परत दाराशी गेलो. त्यांच्या हातात टोपली होती, म्हणून कुलूप मी धरलं. एकदा ओढलं. मग त्या बघत होत्या म्हणून आणखी एकदा, जोरात.

"लागलंय, मावशी," मी म्हटलं.